मानसशास्त्र आणि न्यूरोसायन्सच्या वर्गात प्रगत संख्याशास्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात मानसशास्त्र आणि न्यूरोसायन्सच्या विद्यार्थ्यांना मी संख्याशास्त्र शिकवते. विद्यार्थी, त्यांचे पालक आणि आसपासच्या कॉलेजांतले शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण मुलं नेमकी तिथेच अडतात. माझा एक आग्रह सगळ्या उत्तरांमध्ये दिसेल: आकडा कुठून आणि कसा आला हे आधी विचारा, पद्धत मागाहून निवडा.

समुपदेशन करायचं असलेल्या मुलीला एवढं संख्याशास्त्र कशाला?

रावपुऱ्यातल्या एका आजींनी नातीसाठी विचारलेला हा प्रश्न अगदी रास्त आहे. समुपदेशकासमोर बसलेला माणूस आपला वेळ, पैसा आणि विश्वास देत असतो. त्याला सुचवलेल्या उपचारामागचा पुरावा भक्कम आहे की पोकळ, हे समुपदेशकाला स्वतः वाचून ठरवता आलं पाहिजे.

शिवाय हा विषय मानसशास्त्राला परका नाही. फॅक्टर ॲनालिसिसचा (अनेक चाचण्यांमागे दडलेले मोजके समान घटक शोधण्याच्या पद्धतीचा) पाया चार्ल्स स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली घातला, तोही बुद्धीच्या चाचण्यांचे गुण एकमेकांशी का जुळतात हे शोधताना.

आणि २०१५ साली काय झालं ते प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावं. मानसशास्त्रातले छापून आलेले १०० अभ्यास अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून पुन्हा करून पाहिले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत निकाल 'सिग्निफिकंट', म्हणजे निव्वळ योगायोगाने क्वचितच दिसेल असा, होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच तसा आला, आणि परिणामाचा सरासरी आकारही जवळपास निम्म्यावर उतरला. यातल्या बहुतेक संशोधकांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. लहान नमुने, डेटा पाहून बदललेली विश्लेषणं आणि फक्त यशस्वी निकाल छापायची सवय, एवढ्यावर हे घडू शकतं. पहिल्या दोन गोष्टी वर्गात सुधारता येतात, म्हणून मला शिकवण्याची एवढी कळकळ वाटते.

बारावी आर्ट्स करून आलेल्यांना गणिताची धास्ती असते. त्यांना हे जमतं का?

जमतं. सरळ रेषेचं समीकरण, वर्गमूळ, लॉग आणि 'पसरट' डेटा म्हणजे काय याची समज एवढ्या भांडवलावर मिक्स्ड मॉडेलपर्यंत (एकाच माणसाची अनेक मोजमापं हाताळणारी ही पद्धत पुढे समजावली आहे) पोचता येतं. इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्सची उलटापालट संगणक करतो. पुढे ज्यांना पद्धतींवरच संशोधन करायचंय त्यांनी ते जरूर शिकावं, पण दारातच अडवून ठेवण्याचं ते कारण होऊ नये.

धास्ती घालवायला मी डेटा बनवायला लावते. जमवायला नव्हे, बनवायला. संगणकाला सांगायचं: दोन गट घे, दोघांची खरी सरासरी सारखीच ठेव, प्रत्येक गटातून २० माणसं उचल, टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) कर, आणि हे हजार वेळा कर. खरा फरक शून्य असल्याचं आपल्याला पक्कं माहीत आहे, तरी नेहमीच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेने हजारातले सुमारे ५० निकाल 'सिग्निफिकंट' म्हणून समोर येतात. हे स्वतःच्या पडद्यावर पाहिलेली मुलगी पी-व्हॅल्यूचा अर्थ विसरत नाही. एकही प्रमेय फळ्यावर लिहावं लागत नाही.

सुरुवात 'कोणत्या डेटाला कोणती टेस्ट' या तक्त्यापासून का करू नये?

कारण तो तक्ता विचारतो की गट किती, मोजमाप कुठल्या प्रकारचं. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तो विचारतच नाही: यातली कोणती निरीक्षणं एकमेकांची भावंडं आहेत?

बडोद्याचं उदाहरण घेऊ. समजा नवरात्रातल्या जागरणाचा लक्ष देण्याच्या क्षमतेवर काय परिणाम होतो, हे तुमच्या वर्गाला पाहायचंय. गरबा खेळणारे ४० जण तयार झाले. नऊही दिवस सकाळी प्रत्येकाने 'सायकोमोटर व्हिजिलन्स टास्क' करायचा: पडद्यावर आकडा धावू लागला की बटण दाबायचं, दहा मिनिटं. या टास्कमध्ये ५०० मिलिसेकंदांहून उशिरा आलेला प्रतिसाद 'लॅप्स' धरतात, आणि झोप कमी झालेल्यांमध्ये हे लॅप्स वाढतात. रोज प्रत्येकाचे ८० प्रतिसाद धरले, तर नऊ दिवसांत २८,८०० आकडे जमतील.

आता एन, म्हणजे नमुन्याचा आकार, किती? २८,८००, ३६० की ४०? हा प्रश्न फळ्यावर लिहून मी वर्गाला बराच वेळ भांडू देते. मग सगळ्यांनी कागदावर चित्र काढायचं: माणूस, त्याच्या खाली नऊ सकाळी, प्रत्येक सकाळीखाली ८० प्रतिसाद. एकाच माणसाचे प्रतिसाद एकमेकांसारखे असतात, आणि त्याच माणसाच्या एकाच सकाळचे त्याहून जास्त. हे चित्र हातात आलं की मॉडेल निम्मं लिहून झालेलं असतं.

या उदाहरणात आणखी एक गाठ आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. पाचव्या-सहाव्या दिवशी काही जण सकाळी टास्क करायला उठणारच नाहीत. कोण? जे सर्वांत उशिरा झोपले ते. मग त्या दिवशीच्या आकड्यांत ताजेतवाने लोकच उरतील आणि जागरणाचा परिणाम आहे त्यापेक्षा कमी दिसेल. जुन्या पद्धतीचा रिपीटेड मेजर्स अनोव्हा (त्याच माणसांच्या अनेक मोजमापांच्या सरासऱ्या ताडून पाहणारी चाचणी) तर एक सकाळ चुकली की तो अख्खा माणूसच वगळतो. मिक्स्ड मॉडेल उरलेल्या आठ सकाळी वापरतं. पण गैरहजेरीचं कारण तुमच्या नोंदीत असेल, तरच त्याचं उत्तर भरवशाचं. त्यामुळे झोपेचे तास वेगळे नोंदवून ठेवायचे, टास्क केला नाही तरीही. तक्ता पाहून टेस्ट निवडणाऱ्याला हे कधीच सुचणार नाही.

मिक्स्ड मॉडेल म्हणजे नेमकं काय, थोडक्यात सांगाल?

वरचंच उदाहरण. एक रेषा सगळ्या वर्गाची: रात्रीमागून रात्री प्रतिसाद सरासरी किती मंदावतो. आणि प्रत्येकाची स्वतःची रेषा: कोणी मुळातच चपळ, कोणी मुळातच सावकाश, म्हणजे सुरुवातीची उंची वेगळी. कोणी नऊ रात्रींनंतरही तसाच, कोणी तिसऱ्या रात्रीच ढेपाळतो, म्हणजे चढ वेगळा. उंचीतल्या फरकाला रँडम इंटरसेप्ट म्हणतात, चढातल्या फरकाला रँडम स्लोप. मॉडेल वर्गाची रेषाही काढतं आणि माणसामाणसांतला फरक किती पसरलाय तेही मोजतं. ज्याच्या दोन-तीनच सकाळी नोंदल्या गेल्या त्याची रेषा वर्गाच्या सरासरीकडे जास्त ओढली जाते, कारण त्याच्याविषयी आपल्याला कमी माहिती आहे.

स्लोप गाळायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तो घातला की सॉफ्टवेअर 'कन्व्हर्ज होत नाही', म्हणजे गणित एका उत्तरावर स्थिरावत नाही, अशी तक्रार करू लागतं. पण प्रत्येकाचा चढ वेगळा असताना तो गाळला, तर निकाल खोटा पक्का दिसतो. प्रयोगाच्या रचनेला जेवढे रँडम परिणाम लागू पडतात तेवढे घ्या, असा आग्रह २०१३ साली बार आणि सहकाऱ्यांनी मांडला. त्यावर वाद झाले. इतका मोठा पसारा डेटाला पेलत नसेल तर सोपं मॉडेल बरं, असं म्हणणारेही आहेत. मी शिकवताना पहिल्या बाजूने सुरुवात करते, आणि काही गाळलंच तर का गाळलं ते एका वाक्यात लिहून घेते.

शब्द वापरून प्रयोग करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. तुम्ही निवडलेले ३० शब्द हेही भाषेतल्या सगळ्या शब्दांतून उचललेला नमुनाच असतात. निष्कर्ष माणसांप्रमाणे शब्दांनाही लागू व्हायला हवा. हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ सालीच हे सांगितलं, तरी बरेच प्रबंध आजही शब्दांची सरासरी काढून मोकळे होतात.

उंदीर पाच, पेशी दोनशे. मग एन दोनशे धरायला हरकत काय?

न्यूरोसायन्सच्या मुलांचा हा लाडका प्रश्न, म्हणून उत्तर आकड्यांत देते.

समजा पाच उंदरांतून प्रत्येकी ४० पेशी मोजल्या. एकाच उंदराच्या पेशी एकमेकींशी किती मिळत्याजुळत्या, याचं माप म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन. ते ०.३ धरू. मग नमुन्याचं वजन किती पटींनी घटतं ते असं काढायचं: १ अधिक (४० वजा १) गुणिले ०.३, म्हणजे १२.७. दोनशेला १२.७ ने भागा. उरतात १५.७. तुमच्या दोनशे पेशींचं वजन सुमारे सोळा स्वतंत्र निरीक्षणांएवढं आहे.

पुढची पायरी मुलांनी स्वतः काढावी असं मला वाटतं. प्रत्येक उंदरातून ४० ऐवजी ४०० पेशी मोजल्या तर? पेशी झाल्या २,०००, भागाकार १२०.७ ने, उत्तर १६.६. दहापट मेहनत, महिनेच्या महिने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसणं, आणि पदरात एक निरीक्षणसुद्धा पुरतं पडलं नाही. उंदीर पाचाचे दहा केले असते तर वजन सरळ दुप्पट झालं असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगात हा हिशेब आधी करणं मी नैतिक जबाबदारी मानते. निष्कर्षच निघू शकत नाही अशा प्रयोगात प्राण्यांचा जीव घेणं योग्य नाही.

ही गल्लत फक्त विद्यार्थी करतात असंही नाही. २०१४ साली आर्ट्स आणि सहकाऱ्यांनी नावाजलेल्या नियतकालिकांतले न्यूरोसायन्सचे लेख तपासले. निम्म्याहून अधिक लेखांतला डेटा असा एकात एक गुंफलेला होता, आणि ही गुंफण नीट हिशेबात घेणारे लेख फार थोडे होते.

पी-व्हॅल्यू शिकवायचीच बंद करावी का?

नको. मुलांना जुने लेख वाचायचेच आहेत. पण ती काय सांगत नाही हे आधी शिकवा. पी ०.०३ आली म्हणजे गृहीतक खरं असण्याची शक्यता ९७ टक्के, असा अर्थ होत नाही. खरोखर काहीच परिणाम नसता आणि मॉडेलची बाकी गृहीतकं बरोबर असती, तर एवढा किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता, इतकंच ती सांगते. २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने या एका आकड्यावर स्वतंत्र निवेदन काढलं, यावरून गैरसमज किती खोल गेलेत ते कळावं.

दोन सवयी वर्गातच मोडायला हव्यात. पहिली, वीस गोष्टी तपासून एक लागलेली सांगणं. एकमेकींपासून स्वतंत्र अशा वीस टेस्ट केल्या, तर कुठेही काहीही नसताना किमान एक 'लागण्याची' शक्यता ६४ टक्के असते.

दुसरी जास्त फसवी आहे. 'औषध दिलेल्या गटात सुधारणा सिग्निफिकंट, दुसऱ्यात नाही, म्हणून औषध काम करतं.' चूक. दोन गटांतल्या फरकाचीच थेट चाचणी करावी लागते. एका बाजूला पी ०.०४ आणि दुसऱ्या बाजूला ०.०६ असू शकते, आणि दोघांत फरक नावालाही नसतो. २०११ साली न्यूवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी आघाडीच्या नियतकालिकांत अशी चूक होऊ शकेल असे १५७ लेख शोधले. त्यांतल्या निम्म्यांत ती झालेली होती.

नमुना तीसचा पुरे, असं गाइड म्हणतात. बरोबर आहे का?

तीस हा आकडा कशासाठी पुरे, ते विचारा. दोन गटांत मध्यम फरक असेल, म्हणजे कोहेनचा डी (डेटाच्या पसरटपणाच्या मापात सरासऱ्यांतला फरक) ०.५, आणि तो पकडायची ८० टक्के खात्री हवी असेल, तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. फरक लहान असेल, डी ०.२, तर प्रत्येक गटात जवळजवळ चारशे. दोन्ही गट मिळून तीस घेतले, म्हणजे पंधरा आणि पंधरा, तर मध्यम फरकही चारांतून एखाद्याच वेळी सापडेल.

त्याहून वाईट भाग पुढे आहे. पंधरा-पंधराच्या नमुन्यात निकाल 'सिग्निफिकंट' व्हायला डी किमान ०.७५ च्या घरात दिसावा लागतो. खरा फरक ०.५ असेल, तर जो निकाल लागेल तो फुगलेलाच असणार. पुढचा संशोधक त्या फुगलेल्या आकड्यावर विसंबून आणखी लहान नमुना घेतो. २०१३ साली बटन आणि सहकाऱ्यांनी न्यूरोसायन्समधल्या अभ्यासांची पॉवर, म्हणजे खरा फरक सापडण्याची शक्यता, काढली. तिचा मध्यांक २१ टक्के आला.

'जी पॉवर' हे नमुना किती लागेल ते काढणारं मोफत सॉफ्टवेअर साध्या रचनांसाठी चांगलं आहे. मिक्स्ड मॉडेलसाठी मात्र डेटा बनवून पाहण्याला पर्याय नाही. नवरात्राच्या उदाहरणात ४० जण पुरतील का? तसा डेटा संगणकावर पाचशे वेळा बनवा आणि किती वेळा परिणाम सापडतो ते मोजा.

संख्येइतकंच महत्त्व नमुना कुठून घेतला याला आहे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण सगळा भात सारखा शिजलेला असेल तरच. आपल्याच विद्याशाखेच्या होस्टेलवरून, आपल्याच मैत्रिणींकडून भरून घेतलेले दोनशे फॉर्म 'गुजरातमधील युवक' या शीर्षकाखाली घालू नयेत. मांडवीतल्या दुकानात दिवसभर उभा राहणारा वीस वर्षांचा मुलगाही युवकच आहे, आणि तुमचा गूगल फॉर्म त्याच्यापर्यंत पोचलेला नाही.

आमच्याकडे एमआरआय मशीन नाही. एफएमआरआयचं (एमआरआयने मेंदूतली हालचाल टिपण्याच्या तंत्राचं) संख्याशास्त्र कसं शिकवू?

मशीन लागत नाही. 'ओपनन्यूरो'सारख्या ठिकाणी जगभरच्या प्रयोगशाळांनी मेंदूचे स्कॅन मोफत ठेवलेत. इंटरनेट बरं आणि हार्ड डिस्क मोठी असली की झालं.

पहिल्या तासाला मी माशाची गोष्ट सांगते. २००९ साली बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो 'दाखवले' आणि फोटोतल्या माणसांच्या भावना कोणत्या असं 'विचारलं'. हजारो व्हॉक्सेलची (स्कॅनमधल्या इवल्याशा ठोकळ्यांची) एकेक टेस्ट केल्यावर मेलेल्या माशाच्या मेंदूत 'हालचाल' सापडली. इतक्या टेस्ट एकदम केल्याची दुरुस्ती लावताच ती नाहीशी झाली. वर्ग हसतो. मग मी विचारते, तुमच्या ईईजीत (डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीत) ६४ इलेक्ट्रोड आणि प्रत्येकावर शेकडो क्षण आहेत, तिथे तुम्ही काय दुरुस्ती केली?

दुरुस्ती लावली म्हणजे सुटलो, असंही नाही. २०१६ साली एकलुंड, निकोल्स आणि नुटसन यांनी काहीच काम न करता पडून राहिलेल्या निरोगी माणसांचे स्कॅन घेऊन प्रचलित सॉफ्टवेअर तपासली. क्लस्टरवर, म्हणजे शेजारशेजारच्या व्हॉक्सेलच्या पुंजक्यांवर, आधारलेल्या काही पद्धतींत खोटे निकाल ५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकत होते. पर्म्युटेशन टेस्ट एकूणात बऱ्या ठरल्या. मला त्या शिकवायलाही आवडतात, कारण त्यांची कल्पना सरळ आहे: कोण कोणत्या गटातलं ही लेबलं पिसून टाका, पुन्हा मोजा, असं हजारो वेळा करा, आणि आपला खरा आकडा त्या गर्दीत कुठे बसतो ते पाहा.

ईईजीच्या लाटांतून मोजके आकार वेगळे काढायला प्रिन्सिपल कम्पोनंट पद्धत शिकवाल, तेव्हा दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव जरूर घ्या. सलग वक्रांसाठी या पद्धतीची मांडणी त्यांनी १९४३ साली, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात असताना केली. ज्या कारुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्यांच्या आधी. इतिहासकार म्हणून कोसंबी आपल्या मुलांना ठाऊक असतात, या कामामुळे फारसे नसतात.

बायेझियन पद्धती (आधीचा अंदाज नव्या पुराव्याने सुधारणाऱ्या) एम.ए.च्या पातळीवर झेपतात?

झेपतात, टक्केवारीऐवजी माणसं मोजायला लावली तर. समजा १,००० जणांपैकी ५० जणांना नैराश्य आहे. तुमची प्रश्नावली त्यांतल्या ४५ जणांना बरोबर ओळखते. उरलेल्या ९५० निरोगी लोकांतल्या ९५ जणांवरही ती चुकून बोट ठेवते. एकूण १४० जण 'पॉझिटिव्ह', त्यांत खरे ४५. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या तिघांपैकी साधारण एकालाच नैराश्य आहे. हे समजलं की प्रायर, म्हणजे पुरावा पाहण्याआधीचा अंदाज, ही कल्पना निम्मी समजली. पुढे 'जॅस्प' हे सॉफ्टवेअर उघडून बेज फॅक्टर (डेटा दोन गृहीतकांपैकी कोणाकडे किती झुकतो याचं माप) दाखवा. एक पथ्य मात्र पाळा: प्रायर काय घेतला आणि का, हे लिहिल्याशिवाय बेज फॅक्टर स्वीकारू नका.

सॉफ्टवेअर कोणतं: एसपीएसएस, आर की पायथन?

आर. मोफत आहे आणि मिक्स्ड मॉडेलसाठी लागणारं सगळं त्यात आहे. मुख्य म्हणजे काय केलं याची लेखी नोंद आपोआप राहते, मेनूवर क्लिक केलेलं कोणाला आठवत नाही. ज्यांना कोडची भीती वाटते त्यांनी पहिलं सेमिस्टर जॅस्प किंवा जामोवीवर काढावं, दोन्ही मोफत आहेत. न्यूरोसायन्सवाल्यांना पुढे पायथन लागेलच.

चॅटबॉटने लिहून दिलेला कोड चालेल?

कोड लिहायला चालेल. मॉडेल निवडायला नाही. तुमचे कोणते प्रतिसाद कोणाच्या पोटात आहेत, कोण का गैरहजर राहिलं, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही, आणि तरी तो ठामपणे उत्तर देईल. मिळालेला कोड आधी स्वतः बनवलेल्या डेटावर चालवा. तुम्ही घातलेलं उत्तर तो परत देतो का ते पाहा.

इंग्रजी प्रश्नावलीचं गुजराती आणि मराठी भाषांतर केलं, अल्फा ०.८३ आला. आता दोन्ही गटांची तुलना करू?

थांबा. बडोद्यात हा प्रश्न दरवर्षी येतो, कारण इथे एकाच वर्गात घरी मराठी, गुजराती, हिंदी, सिंधी बोलणारी मुलं असतात, आणि भाषांतर करून तुलना करणं हा सोपा प्रबंध वाटतो.

आधी अल्फाचं पाहू. क्रॉनबाखचा अल्फा म्हणजे प्रश्नावलीतल्या प्रश्नांची उत्तरं आपसात किती जुळतात याचं माप, आणि तो प्रश्नांच्या संख्येबरोबर वाढतो. वीस प्रश्न असतील आणि त्यांचा आपसातला सरासरी सहसंबंध फक्त ०.२ असेल, तरी अल्फा ०.८३ येतो. त्यामुळे ०.८३ पाहून 'प्रश्नावली एकच गोष्ट मोजते' असं म्हणता येत नाही. आणि दोन्ही भाषांत ती तीच गोष्ट मोजते का, याबद्दल अल्फा एक अक्षर बोलत नाही.

त्यासाठी मेजरमेंट इन्व्हेरियन्स तपासावा लागतो, तीन पायऱ्यांत. दोन्ही भाषांत प्रश्नांची मोट सारखीच बांधली जाते का? प्रत्येक प्रश्न मूळ गुणाशी सारख्याच जोराने जोडलेला आहे का? आणि मूळ गुण सारखा असलेल्या दोन माणसांचं, एक मराठी आणि एक गुजराती, त्या प्रश्नावरचं उत्तर सरासरी सारखंच येतं का? तिसरी पायरी पार झाल्याशिवाय सरासऱ्यांची तुलना करू नये. समजा नैराश्याच्या प्रश्नावलीत शरीराच्या तक्रारींचे दोन प्रश्न आहेत, आणि एका भाषेतलं वाक्य रोजच्या थकव्यालाही 'हो' म्हणावं असं उतरलंय. मग तो गट जास्त उदास दिसेल, प्रत्यक्षात नसतानाही. अशा प्रबंधाची बातमी होते, आणि एका समाजाबद्दल खोटी गोष्ट पसरते.

हे करायला प्रत्येक भाषेत काही शेकडा माणसं लागतात. तेवढी नसतील तर भाषांची तुलना सोडून द्या. दहा-बारा जणांना प्रश्नावली मोठ्याने वाचायला लावा आणि प्रत्येक प्रश्नाचा त्यांनी काय अर्थ घेतला ते विचारा. कळीचे दोष तिथेच सापडतात, आणि हे कामही प्रबंधात मानाने लिहिता येतं.

डेटा नॉर्मल (घंटेच्या आकारात पसरलेला) आहे का हे टेस्ट करून पाहायचं ना?

मूळ डेटा नॉर्मल असायची गरज नाही. मॉडेल बसवल्यावर उरलेले रेसिड्युअल (खरा आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांतले फरक) पाहा, तेही आलेख काढून. नॉर्मलपणा तपासणारी शपिरो-विल्क टेस्ट लहान नमुन्यात मोठा दोष सोडते आणि मोठ्या नमुन्यात क्षुल्लक दोष पकडते. प्रतिसादाचे वेळ तर उजवीकडे लांब शेपूट असलेलेच असतात. लॉग घ्या किंवा तशा आकाराचं वितरण वापरा.

परीक्षा कशी घ्यावी?

सूत्र पाठ करून सुटणारी तरी नको. मला उपयोगी पडलेले दोन प्रकार सांगते. एक, जाणूनबुजून चुकीचं केलेलं विश्लेषण द्यायचं आणि चूक शोधून मागायची. वरचं पाच उंदरांचं उदाहरण टी-टेस्ट लावून दिलं की वर्ग लगेच दोन भागांत विभागला जातो. दुसरा, मॉडेलचा आउटपुट द्यायचा आणि एखाद्या रुग्णाच्या भावाला समजेल अशा तीन वाक्यांत निकाल लिहायला सांगायचं, मराठीत, गुजरातीत किंवा इंग्रजीत. हे तीन वाक्यांचं काम भल्याभल्यांना घाम फोडतं. तपासायला वेळ लागतो, हे खरं. मोठ्या वर्गात मी विद्यार्थ्यांना एकमेकांची उत्तरं तपासायला देते आणि शंकेची तेवढी स्वतः पाहते.

मदत कोणाकडे मागावी? गाइडना मिक्स्ड मॉडेल येत नाही.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्र हा विभाग 'शिक्षण आणि मानसशास्त्र' विद्याशाखेत आहे आणि संख्याशास्त्र विज्ञान विद्याशाखेत. अशी फाळणी बहुतेक विद्यापीठांत असते, आणि ती ओलांडायला फार तर पायी चालावं लागतं. संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.च्या मुलांना खरा डेटा हवा असतो, तुम्हाला मॉडेल हवं असतं. जोडी जमवा. मात्र जाताना एक्सेलची फाइल नेऊ नका, चित्र न्या: माणूस, त्याखाली दिवस, त्याखाली प्रतिसाद.

प्रबंध द्यायला एक महिना उरलाय, डेटा जमलाय. 'मॅडम, कोणती टेस्ट लावू?'

१९३८ साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी परिषदेत रोनाल्ड फिशर म्हणाले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे बहुधा शवविच्छेदन करून घेणं, प्रयोग कशाने मेला तेवढं तो सांगेल. तरी आलेल्या मुलीला परत पाठवू नये, तिचा दोष नसतो. तिला हे करायला सांगा. डेटा कसा जमला ते एका पानावर लिही: कोण, कुठे, कधी, कोण गळलं. तुझा एक मुख्य प्रश्न ठरव आणि त्यासाठी एकच विश्लेषण कर. बाकी जे जे पाहशील त्याला 'शोधक' असं स्पष्ट नाव दे. परिणामाचा आकार आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकार कुठून कुठपर्यंत असू शकेल तो पट्टा) लिही, तो रुंद आला तर रुंद लिही. निकाल शून्य आला तरी प्रबंध उभा राहतो, हे गाइडशी बोलून आधीच ठरवून घे. आणि पुढच्या बॅचला सांग की प्रस्ताव लिहितानाच या, डेटा जमवायच्या आधी.